गालातला गुळाचा खडा

आजाऱ्याला बघायला जायचं ते हात हलवत जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मोसंबी घ्यायची, नाहीतर शहाळं, नाहीतर बिस्किटाचा पुडा. खाटेच्या कडेला बसायचं, कपाळाला हात लावायचा, चहा प्यायचा आणि आपल्या माहितीत याच दुखण्याने कोण कोण गेलं ते सांगून उठायचं. मी जन्मभर हेच केलं. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही.

समोरच्या घरातल्या पोरीला ब्लड कॅन्सर झाला तेव्हा ही रीत तिच्या जिवावर उठली.

समोरचं घर म्हणजे गल्लीच्या पलीकडे, बारा पावलांवर. ते कोकणी मुसलमान, पिढ्यान्पिढ्या इथले, भिवंडीचे. आम्हीही इथलेच, शेती आणि खाडीवर जगलेले. त्या पोरीच्या आजोबांचा लूमचा कारखाना होता आणि त्या कारखान्यात मी बावीस वर्षं कांड्या भरल्या. धोट्यात सुताची जी नळी बसते ती कांडी. मशीनवर ती भरायचं काम बायकांचं. आता तो कारखाना दुसऱ्याकडे आहे, म्हातारे शेठ गेले, माझा मुलगा वडप्याला गोदामात सुपरवायझर आहे. पण दोन घरं समोरासमोर राहिली ती राहिलीच.

माझी नात आणि त्यांची पोर चार महिन्यांच्या फरकाने जन्मल्या. एकीला दात आले तेव्हा दुसरी रडली. शाळा एक, बाक एक. जेवण आमच्याकडे झालं तर अभ्यास तिकडे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर, दोघी नववीत असताना, ती पोर जिना चढताना मध्येच बसायला लागली. पायांवर निळे डाग उठले. तिच्या आईला वाटलं सायकलवरून पडली आणि लपवते आहे. आधी इथला डॉक्टर झाला, मग ठाण्याचा, मग मुंबईचं मोठं हॉस्पिटल. तिथे महिनाभर ठेवून तिला पहिलं औषध दिलं आणि थोडे दिवस घरी पाठवलं. औषधांच्या अशा बऱ्याच फेऱ्या व्हायच्या होत्या. पूर्ण व्हायला दोन वर्षं लागतील, पण पोरगी बरी होऊ शकते, असं डॉक्टर म्हणाले.

त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली. औषधाने तिच्या रक्तातली लढणारी ताकद मेलेली असते. साधी सर्दी तिला लागली तर ती सर्दी राहणार नाही. बाहेरचं माणूस नको, कापलेलं फळ नको, फुलं नकोत, गर्दी तर नकोच. ताप आला तर घरी बघत बसायचं नाही, तडक मुंबईला आणायचं.

हे मला तिच्या आईने सांगितलं, आणि सांगताना ती सहा जणींसाठी चहा गाळत होती.

मी आत डोकावले. खाटेभोवती सहा बायका. एकीच्या मांडीवर शेंबडं मूल. खुर्चीवर मोसंब्यांची पिशवी, खाली शहाळी. पोर तोंडाला मास्क लावून भिंतीकडे वळून पडलेली. पडघ्याची एक बाई सांगत होती की तिच्या दिराला अगदी हेच झालं होतं आणि तो चार महिन्यांत आटोपला.

मी बाहेर येऊन तिच्या आईला विचारलं, या सगळ्या आत कशा?

"दारात आलेल्याला परत कसा पाठवू, मावशी?" ती म्हणाली. "आजाऱ्याला बघायला येणं म्हणजे सवाबाचं, पुण्याचं काम. माझ्या तोंडातून नाही निघतच नाही."

तिचं खरं होतं. ती गोड बाई. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला कुणी मोठ्याने बोलताना ऐकलेलं नाही. मी तशी नाही. माझ्या तोंडाची कीर्ती गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. लोकांना तोडून बोलायला मला विशेष काही करावं लागत नाही.

मी म्हटलं, "तुझ्या तोंडातून नसंल निघत, माझ्यातून निघतं. दारात एक खुर्ची टाक."

दारात बसायचं ठरलं तेव्हा मला घरी पडलेली नात आठवली.

ती पोरगी त्या महिन्यात वाळून गेली होती. मैत्रीण मुंबईला होती तोवर जाणं नव्हतंच, पण ती घरी येऊन चार दिवस झाले तरी ही बारा पावलं चालून गेली नव्हती. दिवसभर फोन हातात. फोनात त्या दुखण्याचं सगळं लिहिलेलं असतं म्हणे, किती जगतात आणि किती मरतात ते. ती तेच वाचायची आणि रडायची. माझ्या सुनेने समजावलं, मुलाने समजावलं. मला समजावणं येत नाही. मी विचारलं, का जात नाहीस?

ती म्हणाली, "गेले तर काय बोलू तिच्याशी?"

मी म्हटलं, बोलायला कुणी सांगितलंय? मला दुपारी कमरेला ताण पडतो, तीननंतर दारात बसायला माणूस पाहिजे. रडायचं असेल तर खुर्चीवर बसून रड, लोक बघून परत तरी जातील.

म्हणून आमच्या दोन शिफ्ट लागल्या. सकाळची माझी, शाळेनंतरची तिची.

पहिला आठवडा मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. तोंडावर कुणी दिल्या नाहीत, पण कोपऱ्यावर दिल्या आणि त्या माझ्यापर्यंत आल्या. हिला कुणी पोलीस नेमलं? ज्यांच्या कारखान्यात कांड्या भरल्या त्यांच्या घराची आता ही मालकीण झाली का? पडघ्याहून एक गाडी भरून पाहुणे आले. त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने मला सांगितलं की मी मुलीची सख्खी आत्येआजी आहे. मी सांगितलं की सर्दीला नातं कळत नाही. ती ओट्यावर बसून राहिली. मीही बसून राहिले. तासाभराने तिनेच मला एक मोसंबं सोलून दिलं आणि ती गेली.

नातीला हे जमेना. ती मऊ बोलायची आणि लोक तिच्या बाजूने आत शिरायचे. तिसऱ्या दिवशी एक बाई अशी शिरली तेव्हा आतून आजारी पोरीचा आवाज आला. आवाज बारीक, पण स्पष्ट. "अगं, तुला दारात बसवलंय की दाराला तोरण म्हणून टांगलंय?"

महिनाभरानंतर त्या दोघींमधलं पहिलं बोलणं हे असं झालं. माझी नात लाल झाली. तिने त्या बाईला दंडाला धरून बाहेर काढलं. मग दारातूनच आतल्या पोरीशी भांडली. मी आमच्या ओट्यावरून ऐकत होते. तेवढं भांडण ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, आता ही जेवेल. त्या रात्री ती खरंच दोन भाकऱ्या जेवली.

फोनची युक्ती तिचीच. आलेल्या माणसाला नुसतं परत पाठवलं तर त्याचा अपमान होतो. म्हणून ती फोन पुढे धरायची आणि सांगायची, तिच्यासाठी काय ते यात बोला, मी आत पोचवते. आधी लोक बिचकले. मग रांग लागायला लागली. कुणी दुवा दिली, कुणी देवीला बोललेला नवस सांगितला. शाळेतल्या बाईंनी बीजगणिताचा एक अख्खा धडा बोलून ठेवला. लूमवर काम करणारा एक म्हातारा उत्तरेकडचा कामगार हिंदीत आठ मिनिटं बोलला, त्यातली सात स्वतःच्या गुडघ्याबद्दल. ते ऐकून पोर इतकी हसली की तिच्या आईने घाबरून मला बोलावलं.

संध्याकाळी एक तास नात आत जायची. बाहेरचं एकच माणूस चालेल, तेही ठणठणीत असेल तरच, असं आजारी पोरीच्या आईने डॉक्टरला विचारून ठरवलं होतं. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, मास्क लावून, कोपरापर्यंत हात धुऊन. दोघी दिवसभराचे निरोप ऐकायच्या, शिक्षकांच्या नकला करायच्या, त्या पोरीला चव लागत नसायची तरी नातीच्या नादाने ती वाटीभर खिचडी संपवायची. तिची आई मला म्हणाली की दिवसात एवढीच वाटी पोटात जाते. दुसऱ्या फेरीचं औषध घेऊन आली तेव्हाही हेच चाललं. केस गेले, वजन गेलं, पण तोंड शाबूत होतं. मला वाटलं, ही पोर निभावणार.

आता गुळाचं सांगते.

कारखान्यात सुताचा भुरका उडतो. तो नाकात जातो, घशात जातो. गूळ खाल्ला की तो खाली उतरतो, असं आम्ही समजायचो. प्रत्येक बाईच्या पदराच्या गाठीला गुळाचा खडा असायचा. त्याचा दुसराही उपयोग होता. मुकादमाला खोकणारी बाई चालायची नाही. खोकली की टीबी असणार, घरी जा. एका वर्षी मला दोन महिने खोकला होता. मी गालात गूळ धरून, मिनिटा-मिनिटाला आवंढा गिळत दोन महिने काम केलं आणि मुकादमाला पत्ता लागू दिला नाही. ही माझी आवडती गोष्ट. दोन्ही पोरींना मी ती लहानपणापासून शंभरदा सांगितली असेल. मुकादम समोर आला की माझे डोळे कसे भरायचे आणि मी कशी हसत उभी राहायचे, ते मी करून दाखवायचे. दोघी टाळ्या वाजवायच्या.

मी सकाळी गुळाचा चहा घेते. डब्यात महिन्याचा गूळ किती राहतो ते मला ठाऊक असतं. एका मंगळवारी डबा उघडला तर तळ दिसत होता. सून साखरेचा चहा पिणारी, मुलाला मधुमेह, आणि नातीला गोड आवडत नाही.

तीन वाजता नात शाळेतून आली, हातपाय धुतले, समोर जाऊन खुर्चीवर बसली. मी मागोमाग गेले आणि तिच्यासमोर उभी राहिले. तिचे डोळे पाणावलेले होते. डावा गाल जरासा फुगलेला.

"तोंड उघड," मी म्हटलं.

तिने उघडलं नाही. मी वाट बघत राहिले. खोकला वाट बघत नाही. पहिली उबळ तिने गिळली, दुसरी बाहेर आली आणि गुळाचा खडा पायरीवर पडला.

"कवापासून?"

"शनिवारपासून."

"रोज आत गेलीस?"

"मास्क लावून गेले, आजी."

"मास्क होता तर गूळ कशाला?"

नात म्हणाली की मी गेले नाही तर ती जेवत नाही. आणि मग खाली बघून म्हणाली, "तू पण कुठे सांगितलं होतंस?"

मला लागलं. पण ती लागून घ्यायची वेळ नव्हती. मी तिला खुर्चीवरून उठवलं, गल्लीत मधोमध उभं केलं आणि आजारी पोरीच्या आईला बाहेर बोलावलं. नातीला म्हटलं, मी सांगणार नाही, तू सांग. तिने सांगितलं. शनिवार, रविवार, सोमवार, तीन संध्याकाळी. एकही दिवस तिने गाळला नाही.

मला वाटलं, त्या पोरीची आई रडेल, नाहीतर आयुष्यात पहिल्यांदा ओरडेल. तिने खुर्ची उचलून आत घेतली आणि दार लावलं. मला त्या घरात जायला यायला लागून चाळीस वर्षं झाली. ते दार दिवसा आमच्या तोंडावर लागलेलं मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला ताप भरला. तिचा बाप गाडी काढून तिला मुंबईला घेऊन गेला. कशेळीच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत ती गाडी पाऊण तास अडकली, हे आम्हाला नंतर कळलं. गल्लीतल्या बायका आमच्याकडे बघत होत्या. कुणी काही विचारलं नाही. भिवंडीत कुणी काही विचारत नाही तेव्हा समजायचं की सगळ्यांना सगळं कळलंय.

माझ्या मुलाने संध्याकाळी तिच्या बापाला फोन केला. त्याने सांगितलं की ताप कशाने आला ते डॉक्टर सांगू शकत नाहीत. बाहेरून आलेला असेल, तिच्याच अंगातून उठलेला असेल. औषध सुरू आहे, बघू. मुलाने हे नातीला दोनदा सांगितलं. तिने ऐकलं एवढंच.

तिला डॉक्टरकडे नेलं. साधा खोकला होता, पाच दिवसांत गेला. पण ती पुन्हा पहिल्यासारखी झाली, त्याहून वाईट. फोनही वाचेना. ताट समोर ठेवलं की उठून जायची. शुक्रवारी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी मोरीशेजारी बसून बोंबील साफ करत होते. ती येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, मी तिला मारलं."

मी म्हटलं, "अजून कोण मेलं न्हाय. बस खाली."

ती बसली. मी हातातला बोंबील संपवला, हात धुतले आणि गुळाच्या गोष्टीचा जो भाग कधी कुणाला सांगितला नव्हता तो सांगितला. मुलाला नाही, नवऱ्यालाही नाही.

माझ्या बाजूच्या मशीनवर एक बाई होती. माझ्याच वयाची, पडघ्याच्या पुढच्या एका गावची. आम्ही एका डब्यात जेवायचो, एका पेल्यातून पाणी प्यायचो. माझा खोकला दोन महिन्यांनी गेला. तो गेल्यावर तिला सुरू झाला. मी तिला गूळ दिला आणि गालात कसा धरायचा ते दाखवलं. तिला जमलं नाही. पंधरा दिवसांत मुकादमाने पकडलं आणि शेठना सांगून घरी पाठवलं. ती मशीन बंद करून निघाली तेव्हा मुकादमाने सगळ्यांसमोर विचारलं, अजून कुणाला खोकला आहे का? मी खाली बघून कांडी भरत राहिले. माझा तिला लागला, हे मला ठाऊक होतं. तिला ठाऊक होतं की नाही ते मला माहीत नाही. जाताना तिने माझ्याकडे बघितलं, पण आम्ही रोजच एकमेकींकडे बघायचो.

ती गावी गेली. तिला टीबी आहे असं पुढे कुणीतरी सांगितलं. मी माहेरी जाताना एसटी पडघ्याला थांबायची. किती वेळा थांबली असेल. मी एकदाही उतरले नाही. सगळ्या भिवंडीत कुणी आजारी पडलं की मोसंबी घेऊन पोचणारी मी, पण तिच्याकडे गेले नाही.

नातीने विचारलं, "मग ती जगली का?"

"माहीत न्हाय."

"विचारलं पण नाहीस कुणाला?"

"न्हाय. विचारलं असतं तर कळलं असतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. अशी नजर मी तिची आधी पाहिली नव्हती. मी तिला सांगितलं की चूक आपण दोघींनी सारखीच केली. पण मला विचारलं तेव्हा मी मान खाली घातली, आणि तू गल्लीत उभी राहून तीन दिवस मोजून सांगितलेस. त्यामुळे ती पोर ताप चढल्याबरोबर मुंबईला गेली. त्यांनी साधा ताप समजून गोळी देऊन दोन दिवस वाट बघितली असती तर काय झालं असतं ते तुझा फोनच तुला सांगेल. आता जेव, आणि तिला निरोप पाठव.

"काय बोलू?"

"मला काय विचारतेस? मी बोलले असते तर ही वेळ आली असती का?"

तिने त्या दिवशी निरोप पाठवला नाही. दोन वेळा फोन तोंडाशी धरला आणि खाली ठेवला. पण जेवली.

शनिवारी काही आलं नाही. रविवारी दुपारी तिच्या फोनात आवाज आला. ती ओट्यावर ऐकत बसली आणि मग फोन माझ्या कानाला लावला. आजारी पोरीचा आवाज घोगरा, मागे कसलं तरी यंत्र टुकटुक करत होतं. ती म्हणत होती, "ऐक. तीन दिवस एकटीने गूळ खाल्लास आणि मला खडाभर दिला नाहीस. हे मी विसरणार नाही. बाकीचं डॉक्टर बघतायत."

एवढंच. मग नातीने पाठवलं. काय पाठवलं ते मी ऐकलं नाही, ती आत दार लावून बोलली. बराच वेळ बोलली, त्या गुडघेवाल्या म्हाताऱ्यापेक्षाही जास्त.

ताप अकरा दिवसांनी उतरला. पुढची फेरी तीन आठवडे लांबली. डॉक्टरांनी तिच्या आईला खडसावलं असावं, कारण ती मुंबईहून परत आली ती वेगळीच बाई होऊन आली. पोरीला खाटेवर झोपवलं आणि तासाभरात ती आमच्या दारात उभी होती. आत आली नाही. नातीला बाहेर बोलावलं, मोबाईलची बॅटरी लावली आणि म्हणाली, "आ कर." घसा नीट बघितला, कपाळाला हात लावला, मग म्हणाली, "उद्यापासून बस. पण रोज आधी मला घसा दाखवायचा. आणि कधी खोकला आला तर तूच सांगायचं, मी विचारायची वाट बघायची नाही."

मावशीला त्यांच्यात खाला म्हणतात, नातही तसंच म्हणते. ती म्हणाली, "हो, खाला."

त्यांचं तेवढंच झालं. माफी वगैरे कुणी मागितली नाही, मागितली असती तर मीच उठून गेले असते. खुर्ची पुन्हा दारात आली.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. पोरीचे केस बारीक बारीक उगवले आहेत, कोंबडीच्या पिल्लासारखे. फेऱ्या अजून आहेत. कधी रक्तातल्या पेशींचा काउंट खाली जातो, कधी बरा असतो, गल्लीतल्या सगळ्यांना आता काउंट म्हणजे काय ते कळतं. नात दहावीत गेली. मैत्रिणीचं वर्ष बुडालं, तरी दहावीची पुस्तकं दोघी मिळूनच वाचतात. मधल्या काळात नातीला दोनदा सर्दी झाली. दोन्ही वेळा ती शाळेतून आल्याबरोबर समोर गल्लीतूनच ओरडली, "खाला, आज मी नाही," आणि आठ आठ दिवस आमच्या ओट्यावर बसून फोनवर बोलली. त्या आठ दिवसांत आतली पोर जेवली. कुरकुरत जेवली, पण जेवली. आपल्यावाचून एखाद्याचं अडेल असं माणसाला वाटतं, पण तसं अडत नाही.

गुळाची गोष्ट मी अजून सांगते. आता पूर्ण सांगते. पहिल्यासारखं कुणी टाळ्या वाजवत नाही.

गेल्या आठवड्यात मी त्या पोरीसाठी तांदळाच्या घावण्या केल्या. गरम, घरच्या, डॉक्टरने चालतील म्हटलेल्या. डबा घेऊन गेले. नात खुर्चीवर पुस्तक घेऊन बसलेली, आणि मी पायरीवर पाय ठेवला तोच मला शिंक आली. एकच. आमच्या घरात सुनेने लाल मिरच्या भाजायला घेतल्या होत्या, त्याचा ठसका. मी तसं सांगितलं.

नात पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "सगळे असंच सांगतात, आजी."

तेवढ्यात आजारी पोरीची आई बाहेर आली. ती गोड बाई, जिच्या तोंडातून नाही निघत नव्हतं. माझ्या हातातला डबा तिने घेतला, खुर्चीच्या हातावर ठेवला, मोबाईलची बॅटरी लावली आणि म्हणाली, "मावशी, तोंड उघडा."

सत्तरी उलटली माझी. आजवर लोकांनी मला तोंड बंद करायला सांगितलं, उघडायला कुणी सांगितलं नव्हतं. मी उघडलं. तिने इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"घसा साफ आहे," ती म्हणाली. "तरी आज नको."

मी म्हटलं, जी खुर्ची मी तुला दारात टाकायला सांगितली तिथूनच मला परत पाठवतेस? ती हसली, पण दारातून हलली नाही. मी मनात म्हटलं, शिकली. नातीने फोन पुढे धरला. आतून ती पोर ओरडत होती की आजी, बोल, पण गुडघ्यांबद्दल नको.

मग मी गल्लीत उभी राहून बोलले. सांगितलं की घावण्यांना मीठ कमी आहे, वरून घालू नकोस, आणि डबा धुऊन पाठव.